आठ अनारसे

तिसऱ्या दिवशीही भागीनं चंदीला तोंड लावलं नाही. दस्तगीरनं टोपलं तिच्या नाकाखाली धरलं, भिजवलेले हरभरे आणि ओट हातानं वरखाली करून दाखवले, लहान पोराला चुचकारावं तसं चुचकारलं. भागीनं एकदा हुंगलं आणि मान भिंतीकडे फिरवली. शर्यत आठ दिवसांवर आली होती.

आमचे हे दाराशी उभे होते. दौलतराव खलाटे. त्या वर्षी त्यांना अडुसष्टावं लागलं होतं आणि शर्यतीचे घोडे तयार करायला लागून चव्वेचाळीस वर्षं झाली होती. ते आत गेले, टोपल्यातले चार दाणे उचलून स्वतःच्या तोंडात टाकले, चावले आणि बाजूला थुंकले. दाण्यात खोट नव्हती. डॉक्टर केळशीकर सकाळीच येऊन गेले होते. दात बघितले, पोट दाबून बघितलं, ताप बघितला, आणि घोडी ठणठणीत आहे, फक्त तिला खायचं नाही, एवढं सांगून गेले होते.

"तिला खायचं नाही हे मलाही दिसतंय," हे म्हणाले. "त्याला डॉक्टर कशाला लागतो?"

दस्तगीरनं टोपलं खाली ठेवलं. तो भागीचा सईस. पन्नाशीला टेकलेला, फलटणकडचा, पाच महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका तबेल्यातून आमच्याकडे आलेला. घोडीनं खाल्लं नाही की शब्द त्याला ऐकावे लागत.

ही पुण्यातली गोष्ट आहे, आणि तिला आता बरीच वर्षं झाली. एके काळी ह्यांच्या तबेल्यात बेचाळीस घोडे होते. मोसम सुरू झाला की घोड्यांचे मालक आमच्या व्हरांड्यात रांगेनं बसायचे. मग असा काळ आला की घोड्यांआधी सुया पळायला लागल्या. दर मोसमात दोनचार घोड्यांच्या लघवीत काहीबाही सापडायचं. ट्रेनर लोक दंड भरायचे, सहा महिने घरी बसायचे आणि नवा शर्ट घालून परत यायचे. ह्यांनी एका सभेत उठून सांगितलं, की आता घोडा कुणी तयार केला ते विचारू नका, त्याचा डॉक्टर कोण ते विचारा. टाळ्या पडल्या. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनीच महिन्याभरात आपापले घोडे आमच्याकडून हलवले. बेचाळिसाचे चार झाले. अकरा वर्षं एकही मोठा कप घरात आला नाही. वर्तमानपत्रात ह्यांचं नाव येईनासं झालं, आणि आलंच तर नावामागं 'एके काळचे' असं लागायचं. ते शब्द दिसले की हे चहा अर्धा टाकून उठायचे.

त्या चारांत भागी होती. कागदावर तिचं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं. तबेल्यात ती भागी. तिची मालकीण पेरीनबाई, कॅम्पातली ऐंशीला आलेली पारशी बाई. सगळे सोडून गेले तेव्हा ती गेली नाही. कारण विचारलं तर म्हणायची, बाकीचे ट्रेनर फार गोड बोलतात आणि मला डायबिटीस हाय.

तबेल्याच्या दारावर ह्यांनी स्वतःच्या हातानं पाटी रंगवली होती. बाहेरचा घास नाही. येणाऱ्याजाणाऱ्यानं प्रेमानं गूळ द्यायचा नाही, साखर द्यायची नाही, फळ नाही. पेरीनबाईच्या पर्समधल्या पेपरमिंटच्या गोळ्यासुद्धा हे दारात काढून घ्यायचे आणि जाताना परत द्यायचे.

"माझ्या नवऱ्यानी पण कधी माझी पर्स तपासली नाय, दौलत," ती म्हणायची.

"त्याला डर्बी पळायची नव्हती," हे म्हणायचे.

त्या दुपारी भागी उपाशी उभी होती, आणि हे घरी येऊन न जेवता आडवे झाले. झोपले नव्हते. पाठ माझ्याकडे होती. एवढंच म्हणाले की ही शेवटची आहे शालन, हिच्यानंतर असं जनावर माझ्या हाताखाली यायचं नाही. आणि आलं तरी मी नसेन.

तो अधिक महिना होता. आमच्या गावाकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. लेकीजावयाला तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचा महिना. आम्हाला मूलबाळ नाही. लग्नानंतरच्या पहिल्या काही अधिकांत मी रिकाम्या हातानं बसले, तेव्हा सासूबाईंनी मला मार्ग सांगितला. जावई नाही तर रोज एक अनारसा मुक्या जिवाला घाल, म्हणाल्या. आणि घातलास की कुणाला बोलू नकोस, बोललेलं दान अर्धं होतं. तेव्हापासून मारुतीच्या देवळामागं जी गाय बांधलेली असे, तिला मी घालत आले. ह्यांनाही कधी सांगितलं नाही.

त्या दिवशी चारच्या सुमाराला डबा पदराखाली घेऊन मी देवळाकडे निघाले. वाट तबेल्यावरून होती. दस्तगीर मागं नळावर बादल्या धूत होता. मी भागीला नुसतं बघायला थांबले. तिनं अर्ध्या दारावरून मान बाहेर काढली आणि नाक माझ्या पदराला लावलं. तीन दिवस जिनं कशाकडे पाहिलं नव्हतं, ती माझ्या डब्याला ओठांनी ढकलत होती.

पाटी मला ठाऊक होती. ती रंगवताना रंगाचा डबा मीच धरला होता. मी मनात म्हटलं, तांदूळ, गूळ आणि तूप, आपल्या चुलीवरचं, आपल्या हातचं. हे कसलं बाहेरचं? आणि हीही मुका जीवच. मी अनारसा तळहातावर ठेवला. तिनं तो इतक्या हळू उचलला की तळहाताला नुसती ऊब लागली. अर्ध्या तासानं मी देवळाहून परत येत होते, तर दस्तगीर धावत समोर आला आणि म्हणाला, बाईसाहेब, मालकांना सांगा, खाल्लं, टोपलं चाटून खाल्लं.

घरी जाऊन मी ते सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा थांबले. तिसऱ्या दिवशीही. आठ दिवस, आठ अनारसे, शर्यतीच्या आदल्या दिवसापर्यंत. गाय त्या आठ दिवसांत उपाशी राहिली नाही, तिचा गवळी होता. भागी खात होती आणि सकाळी अशी पळत होती की हे घड्याळ दोनदोनदा कानाला लावून बघायचे. बंद पडलं की काय म्हणून.

रविवारी पेरीनबाईनं मला ओढून रेसकोर्सवर नेलं. एरवी मी जात नसे. मला त्यातलं कळतही नाही. मला एवढं दिसलं की शेवटच्या वळणावर सगळे घोडे एकमेकांत गुंतले होते आणि त्यातून भागी, सुईच्या नाकातून दोरा यावा तशी बाहेर आली. पेरीनबाई माझ्या दंडात नखं रुतवून पारशी शिव्या देत होती. हे खाली उतरले, भागीच्या कपाळाला कपाळ लावून उभे राहिले, आणि फोटोवाल्यांनी तीनदा हाक मारली तरी हलले नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात नाव आलं. मागं काही लागलं नव्हतं. तो आठवडा आमच्या घरात हे आंघोळ करताना गुणगुणत होते. लग्न झाल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी क्लबचं पत्र आलं. भागीच्या लघवीच्या नमुन्यात मॉर्फिन सापडलं होतं.

ह्यांनी पत्र तीनदा वाचलं, घडी घातली, चष्म्याच्या डबीत ठेवलं. मग ती डबी कुठं ठेवली तेच दिवसभर शोधत राहिले. संध्याकाळी डॉक्टर केळशीकर आले, पेरीनबाई आली. मी चहा घेऊन गेले तेव्हा डॉक्टर सांगत होते, की मॉर्फिन म्हणजे काय, अफूच. जुने सईस लोक गुळात अफूची गोळी द्यायचे, दुखरा पाय जनावराला कळू नये म्हणून. ही तीच तऱ्हा दिसते. सगळ्यांच्या डोक्यात एकच माणूस आला. दस्तगीर ज्या तबेल्यातून आला होता, तिथं दोन वर्षांत दोन घोडे असेच सापडले होते.

"मी त्याला पाठवलेला माणूस म्हणणार नाही," पेरीनबाई म्हणाली. "पण आलेला तर हाय."

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, हळू आवाजात. क्लबात त्यांचं बोलणं झालं होतं. सईसानं बाहेरच्याचं ऐकून केलं असं निघालं, तर ट्रेनरचं थोडक्यावर भागतं, लायसन्स राहतं. सईसाला मात्र मग देशातल्या कुठल्याच रेसकोर्सवर काम नाही.

मी कप भरत होते. माझी आई आम्हा भावंडांना लहानपणी बाळगुटीत अफू उगाळून द्यायची. खसखशीचा डबा उघडला की म्हणायची, ही त्याच घरची लेक, पण सालस निघाली. ते आठवलं म्हणून मी विचारलं. खरंच सहज विचारलं.

"डॉक्टर, खसखस त्याच बोंडातली ना?"

"त्याच बोंडातली वहिनी. म्हणून तर आखातात कुणी नेली की तुरुंगात टाकतात." ते हसले. "माणसाला काही होत नाही. पण घोड्याच्या लघवीत चिमूटभरसुद्धा दिसते. यंत्रं फार बारीक झालीत आता."

आणि ते पुढं दुसरंच बोलायला लागले. मी आत आले. ओट्यावर वाणातले उरलेले अनारसे झाकून ठेवले होते. अनारसा खसखशीवरच थापतात, एक बाजू पांढरी दिसेपर्यंत. हे सांगायला नको.

त्याच संध्याकाळी ह्यांनी दस्तगीरला भागीपासून दूर केलं. ओरडले नाहीत. उद्यापासून मागच्या दोन घोड्यांकडे बघ, म्हणाले. दस्तगीरनं शपथ घेतली नाही, पाया पडला नाही. मालक, मी तिला चंदीशिवाय काही दिलं नाही, एवढंच बोलला आणि खरारा खुंटीला लावून गेला.

मी बारा दिवस बोलले नाही. घरात गणपती आहेत, गौरी आहेत, ह्या दिवसांत नको, असं कारण मी स्वतःला देत गेले. सकाळी पूजा करायची, दुर्वा वाहायच्या आणि खाली मान घालून उठायचं. विसर्जन झालं आणि कारण संपलं. चौकशी दुसऱ्या दिवशी अकराला होती. दुपारी हे व्हरांड्यात बसून जुन्या लगामाला तेल लावत होते. तो लगाम आता कुठल्या घोड्याला लागत नव्हता.

मी सगळं सांगितलं. त्यांचे हात चालूच राहिले.

"किती?" त्यांनी विचारलं.

"आठ."

"शर्यतीच्या आदल्या दिवशीही?"

"हो."

त्यांनी लगाम मांडीवर ठेवला. मला वाटलं आता बोलतील. चव्वेचाळीस वर्षांचं एकदम बोलतील, आणि ते मी ऐकून घेईन. बोलले असते तर बरं झालं असतं. ते बराच वेळ अंगणातल्या दोरीवरच्या कपड्यांकडे बघत राहिले.

"चौकशीत लोक येऊन सांगतात असलं," शेवटी म्हणाले. "बायकोनं प्रसाद घातला, आईनं लाडू घातला. मी स्वतः हसलोय अशांना."

"पण हे खरं आहे."

"म्हणून तर." त्यांनी फडकं पिळलं. "उद्या मी बघतो काय ते. तू तिकडं येऊ नकोस."

"आणि दस्तगीर?"

"मी बघतो म्हटलं ना शालन."

सकाळी ते गेले. रक्तदाबाची गोळी देव्हाऱ्याजवळच्या वाटीत तशीच राहिली होती. ती मी मुद्दाम ठेवली नव्हती, पण दिसल्यावर मला बरं वाटलं. गोळी रुमालात बांधून मी रिक्षा केली.

क्लबातल्या त्या लांब पडवीत एक बाक होतं. दस्तगीर त्यावर टोकाला बसला होता, टोपी हातात. त्याला नुकतंच आत बोलावून बाहेर पाठवलं होतं. मला बघून उठला आणि बाकाचं दुसरं टोक आपल्या रुमालानं पुसलं. मी विचारलं, काय विचारलं आत. पैसे कुणी दिले ते विचारलं, म्हणाला. कुणी दिले नाहीत म्हटलं तर जुन्या तबेल्यातली नावं घेऊन विचारलं.

"आणि मालक?"

"मालक बसले होते."

"काही बोलले?"

"खिडकीकडं बघत होते." त्यानं टोपी मांडीवर ठेवली. "त्यांची पाळी यायचीय अजून."

मग तो माझ्याकडे न बघता बोलायला लागला. तो जे बोलला ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

"बाईसाहेब, मी बघितलं होतं. दुसऱ्याच दिवशी. नळाकडनं दिसतं दार."

मी बाकावर टेकले.

"मी अडवायला पाहिजे होतं. मालकांचा नियम होता आणि जनावर माझ्या ताब्यात होतं. पण ती खायला लागली होती. तीन दिवस मी बोलणी खात होतो. म्हटलं खाऊ दे. काय घालताय ते मला काय ठाऊक."

"मग आत सांगितलं का नाहीस?"

तो हसला, अगदी थोडं. "काय सांगू? मालकिणीनं घातलं? मला कोण उभं करतंय हो. वर म्हणतील, सुटण्यासाठी घरच्या बाईचं नाव घेतो."

मी गोळीचा रुमाल त्याच्याजवळ दिला आणि दार ढकललं. शिपाई थांबा म्हणाला. मी थांबले नाही. आयुष्यात मी कुणाच्या दारातून अशी गेले नव्हते.

आत तिघं जण होते, लांब टेबलामागं. मधले अध्यक्ष लष्करातून निवृत्त झालेले, पिकलेल्या मिशांचे, फार सभ्य. अलीकडं खुर्चीत हे. मला बघून त्यांनी खुर्चीचे हात धरले, पण उठले नाहीत. मी उभ्याउभ्या सांगितलं. अधिक महिना, वाण, आठ दिवस, खसखस. माझा आवाज मुळातच लहान आहे. अध्यक्षांनी मला दोनदा मोठ्यानं बोलायला सांगितलं. डावीकडचा गृहस्थ लिहीत होता. लिहिता लिहिता त्यानं शेजारच्याकडे बघितलं आणि दोघांच्या ओठांना एकदम मुरड पडली. ह्यांनी सांगितलं होतं तसंच.

"मॅडम," अध्यक्ष म्हणाले, "आम्हाला तुमच्याबद्दल आदर आहे. पण हे तुम्हाला कुणी शिकवलं का?"

"नाही," मी म्हटलं.

मला येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. ते मी बोलले नाही. त्यांनी ते विचारलं नव्हतं.

अध्यक्ष ह्यांच्याकडे वळले. त्यांनी फार मायेनं विचारलं, जणू पुढचं उत्तर त्यांनी आधीच ह्यांच्या हातात ठेवलं होतं. खलाटे, तुमच्या मिसेस देवभोळ्या आहेत, ह्या प्रकारानं त्यांच्या मनावर ताण आला असेल, आपण हे नोंदीत न घेता पुढं जाऊ या का?

हे खिडकीकडे बघत होते. खिडकीतून ट्रॅक दिसत होता आणि त्यावर कुणीतरी एक घोडा नुसता चालवत होतं. तो घोडा एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत गेला. मग पुढच्या खांबापर्यंत गेला. लिहिणाऱ्यानं पेन खाली ठेवलं.

"ती खोटं बोलत नाही," हे म्हणाले. "घ्या नोंदीत."

दोन वर्षांसाठी लायसन्स गेलं. तबेला आपला, जनावर आपलं, घरातल्या माणसानं घातलेल्या घासाची जबाबदारी ट्रेनरची, असं त्या कागदात होतं. ते बरोबरच होतं. ह्यांनीच ते कितीदा दुसऱ्यांना सुनावलं होतं. त्या दोन वर्षांत रेसकोर्सच्या फाटकातूनही आत जायचं नाही. दस्तगीरवर काही नव्हतं. कप परत गेला. पेरीनबाई म्हणाली, जाऊ दे, चांदीचा पण नव्हता. पण भागीला तिनं दुसऱ्याकडे दिलं, आणि ते सांगताना ती पहिल्यांदाच खुर्चीत न बसता उभी राहून बोलली.

"दोन वर्ष मी थांबली असती दौलत. पण वरच्यानी मला दोन वर्ष लिहून नाय दिली."

दस्तगीर भागीबरोबर गेला. पाटी ह्यांनी उतरवली नाही. तबेला पुढं ज्यानं घेतला त्या नव्या माणसानं उतरवली.

मग दसरा आला, आणि त्याबरोबर माणसं. जी अकरा वर्षं फिरकली नव्हती ती आपट्याची पानं घेऊन आमच्या व्हरांड्यात रांगेनं बसली. गोष्ट सगळीकडे झाली होती. पेपरात कुणीतरी लिहिलं होतं, की ह्या बरबटलेल्या खेळात एक माणूस असा निघाला, की ज्यानं गरीब सईसाला वाचवण्यासाठी आपलं लायसन्स टेबलावर ठेवलं. एकजण ह्यांना राजा हरिश्चंद्र म्हणाला. ज्याचे नऊ घोडे सगळ्यांत आधी आमच्याकडून हलले होते, त्यानं पायाला हात लावला. हे सोनं घेत होते, देत होते. प्रत्येक पान हातात आलं की कपाळावरची शीर उठायची. कुणी फार बोलायला लागलं की ते तोडायचे, पुरे झालं, चहा घ्या. लोकांना तो विनय वाटायचा. शेवटचा माणूस गेल्यावर त्यांनी ती सगळी पानं गोळा केली, मागच्या अंगणात नेली आणि नारळाच्या आळ्यात टाकली. रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी देवासाठी फुलं काढायला बाहेर आले, तर हे व्हरांड्यात बसलेले. चव्वेचाळीस वर्षं ज्या वेळेला निघायचे त्या वेळेला उठून आंघोळ केली होती. सकाळचा सदरा, सकाळची टोपी. पायात बूट, बंद घट्ट बांधलेले. जायला कुठं नव्हतं. फाटकावरचा पहारेकरी ओळखीचा होता, त्यालाच अडवावं लागलं असतं. पलीकडून, रेसकोर्सच्या भिंतीच्या आतून, घोड्यांच्या टापा ऐकू येत होत्या.

"बसा आत येऊन," मी म्हटलं. "दव आहे."

"शालन," ते म्हणाले, "त्या दिवशी माझी पाळी आली असती ना, तरी मी बोललो नसतो."

मी फुलांची परडी खाली ठेवली.

"ठरवून गेलो होतो. रात्रीच ठरवलं. गप्प बसायचं आणि दस्तगीरला जाऊ द्यायचं. एका ओळखीच्याचं दुधाचं काम आहे बारामतीला, तिथं त्याला लावून द्यायचं. तेसुद्धा ठरलं होतं." ते समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होते. "आणि आता हे लोक येतात. पाया पडतात माझ्या. मी त्यांना काय सांगू?"

टापा जवळ आल्या आणि लांब गेल्या.

"तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं," मी म्हटलं.

"मग आलीस कशाला?"

"म्हणूनच आले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षांत सुया टोचणाऱ्यांकडे त्यांनी ज्या नजरेनं बघितलं होतं, ती नजर मी त्यांच्या डोळ्यांत बघत होते. फक्त ती माझ्यासाठी नव्हती. मग ते वाकले आणि बुटाचे बंद सोडायला लागले. उजवा सुटला. डाव्याची गाठ बसली होती. ते ओढतील तशी ती आणखी आवळत होती. मी पायरीवर खाली बसले आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. ते नको म्हणाले नाहीत.

ती गाठ सोडवायला मला फार वेळ लागला.